पंचगंगेकाठचं पोलंड

जामनगरजवळ बालाचडीला समुद्राकाठी पोलिश मुलांची एक छावणी होती. तिथली एक गोष्ट त्या मुलांनी पुढं म्हातारपणीही हसत हसत सांगितली. छावणीच्या जेवणात पालकाची भाजी वरचेवर येऊ लागली. मुलं विटली, आणि एक दिवस सगळ्यांनी मिळून चक्क संप पुकारला. पालक खाणार नाही म्हणजे नाही! युद्धाचे दिवस, जगभर रेशनिंग, आणि ही निर्वासित पोरं ताटातली भाजी नाकारतात म्हटल्यावर कुणालाही हा माज वाटला असता. नवानगरचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी हुकूम दिला तो असा, की या छावणीत यापुढं पालक शिजवायचा नाही.

हीच मुलं वर्ष-दीड वर्षापूर्वी कझाकस्तानच्या माळावर आणि उझबेकिस्तानच्या सामूहिक शेतांवर हाताला लागेल तो पाला उकडून खात होती. मदतकार्याच्या अहवालात धान्याची पोती, ब्लँकेटं, औषधांच्या पेट्या यांचे रकाने असतात. भाजी नको म्हणून रुसलेल्या मुलांचा रकाना कुठल्याच अहवालात नसतो, पण छावणी नीट चालली आहे की नाही हे त्यावरून जितकं कळतं तितकं पोत्यांवरून कळत नाही.

बालाचडीची कथा अलीकडे बरीच सांगितली जाते. तिच्यात एक दिलदार राजा आहे, अनाथ मुलं आहेत, वॉर्सोत राजाच्या नावाचा चौक आहे. त्या मानानं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी मागं राहिली. खरं तर ती बालाचडीच्या कितीतरी पट मोठी होती. बालाचडीत सगळी मिळून हजारभर मुलं राहून गेली असतील. वळिवड्यात सुमारे ५ हजार पोलिश माणसांचं आख्खं गाव पाच वर्षं नांदलं, आणि त्यात बहुतेक बायका आणि मुलंच होती.

ही माणसं इथं आली कशी, ते आधी पाहायला हवं. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाचं सैन्य पूर्वेकडून आत शिरलं, ही तारीख मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाही. रशियानं बळकावलेल्या त्या पूर्व पट्ट्यातून माणसं उचलण्याचं सत्र १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत सुरू झालं. पहाटे दारावर थाप पडायची. सामान बांधायला जेमतेम तास-अर्धा तास, की लगेच गुरांच्या वाघिणीत रवानगी. त्या पहिल्या फेरीतच सुमारे १ लाख ४० हजार लोक हलवले गेले. त्यात पहिल्या महायुद्धानंतर जमिनी मिळालेले माजी सैनिक होते, जंगलखात्याची माणसं होती, आणि अर्थात त्यांची बायकापोरं. पुढं १९४१ च्या जूनपर्यंत आणखी तीन फेऱ्या झाल्या. अर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकूडतोड, सायबेरिया, कझाकस्तान, अशी वाटणी झाली.

मग हिटलरनं रशियावरच चाल केली आणि कालचे शत्रू एका रात्रीत दोस्त झाले. ३० जुलै १९४१ ला लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. हद्दपार केलेल्या पोलिश लोकांना ‘माफी’ मिळाली. कुठल्या गुन्ह्याची, ते कुणी विचारायचं नव्हतं. जनरल व्लादिस्लाव अँडर्स यांनी रशियाच्या भूमीवर पोलिश फौज उभारायला घेतली आणि ही बातमी कळेल तशी माणसं छावण्या सोडून दक्षिणेकडं निघाली. १९४२ च्या वसंतात आणि ऑगस्टमध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे १ लाख १५ हजार लोक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. त्यांत सुमारे १८ हजार मुलं होती. एप्रिल १९४३ मध्ये कातिन इथं सोव्हिएत रशियानं मारलेल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरी सापडल्याचं जाहीर झालं, मॉस्कोनं पोलिश सरकारशी संबंध तोडले, आणि बाहेर पडायचं दार बंद झालं. मागं राहिले ते राहिले.

पहलवीच्या वाळूवर जे घडलं त्याची आठवण या पिढीच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते. उवांमुळं फैलावणाऱ्या टायफसच्या भीतीनं सगळ्यांचे केस भादरले गेले, अंगावरचे कपडे जाळले गेले. मग ब्रिटिश लष्करानं सढळ हातानं जेवण वाढलं, डब्यातलं गोमांस आणि चरबीदार मटणाचा रस्सा. महिनोन् महिने उपाशी असलेल्या पोटांना ते झेपलं नाही. रशियातून जिवंत सुटलेली कितीतरी माणसं, त्यांत मुलंही, भरल्या ताटानंतर दगावली.

उपासमारीतून आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी काय द्यायचं, हा प्रश्न दयेनं सुटत नाही, त्याला शास्त्र लागतं. ते शास्त्र पुरतं हाती यायला आणखी पन्नास वर्षं गेली. आज तीव्र कुपोषित मूल दवाखान्यात आलं की आधी एफ-७५ नावाचं पातळ दूध दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं दिलं जातं. १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम ७५ कॅलरी. शरीर सावरल्यावरच पुढचं, दाट दूध. १९९० च्या दशकात फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंद्रे ब्रियाँ आणि अन्नउद्योगातले मिशेल लेस्कान यांनी शेंगदाण्याचं कूट, दूधपावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं घोटून एक लगदा केला. आपल्या शेंगदाण्याच्या लाडवाचा हा लांबचा चुलतभाऊच! ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी असतात. शिजवायला नको, पाणी घालायला नको, फ्रिज नको. पाणीच दूषित असेल अशा छावणीत ही केवढी सोय! त्यामुळं आईला मुलाला घेऊन आठवडेच्या आठवडे दवाखान्यात बसून राहावं लागत नाही. झोपडीत राहूनही उपचार चालतात. मुलाच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळतात, घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर खूण तांबड्यात पडते. ही पट्टी वाचायला डॉक्टर लागत नाही, शिकवली तर आईलाही येते.

पुन्हा १९४२ कडं. या पोलिश मुलांची भारतात आलेली पहिली तुकडी समुद्रानं आली नाही. मुंबईहून मदतसामान घेऊन पोलिश रेडक्रॉसच्या लॉऱ्या क्वेट्ट्याच्या वाटेनं इराणमध्ये आणि तिथून अश्काबादला गेल्या होत्या. परतीच्या फेरीत त्यांच्यातून अनाथाश्रमातली मुलं आली. मुंबईतले पोलंडचे वाणिज्यदूत युगेनिउश बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा हे या खटपटीच्या मुळाशी होते. कीराबाई पुढं भारतातच राहिल्या. मुलांची जमवाजमव करण्यात पोलंडची लाडकी गायिका-अभिनेत्री हांका ऑर्दोनुव्हना हिचाही हात होता. ती स्वतः क्षयानं आजारी होती. एप्रिल १९४२ मध्ये मुलं मुंबईत पोचली, काही महिने वांद्र्याला राहिली आणि जुलैत बालाचडीला गेली. तिखट त्यांना सोसत नव्हतं, म्हणून जामसाहेबांनी गोव्याहून आचारी आणवले, असं आठवणींत येतं. गोव्याच्या स्वयंपाक्यांना पाव, सूप आणि भाजलेलं मांस हे नवं नव्हतं.

त्याच जुलैत वॉर्सोच्या ज्यू वस्तीत, जर्मनांनी उभारलेल्या भिंतींच्या आत, डॉक्टर यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ बसवलं. ऑगस्टमध्ये डॉक्टर आणि मुलं यांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडं नेण्यात आलं. तेहरानला पोचलेल्या पोलिश मुलांतही काहीशे ज्यू अनाथ मुलं होती. इराकनं वाट नाकारली, म्हणून ती जहाजानं कराचीला येऊन सुएझच्या वळशानं १९४३ च्या फेब्रुवारीत पॅलेस्टाईनला पोचली.

आता वळिवडं. कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर, शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, पंचगंगेच्या बाजूचं हे गाव. १९४३ च्या मध्यावर इथं माणसं येऊ लागली. तेव्हाचे कोल्हापूरचे छत्रपती शिवाजी महाराज दोन वर्षांचेही नव्हते. दत्तक आलेल्या त्या बाळाच्या नावानं महाराणी ताराबाई आणि रीजन्सी मंडळ कारभार पाहत होतं. जागा संस्थानची, देखरेख भारत सरकारच्या निर्वासित अधिकाऱ्यांची, आणि पैसा लंडनमधल्या पोलिश सरकारचा, जे स्वतःच ब्रिटिश कर्जावर उभं होतं. बालाचडी बरीचशी संस्थानिकांच्या आणि दानशूरांच्या वर्गणीवर चालली. वळिवड्याचा हिशेब सरकारी होता, त्यामुळं त्यात दंतकथेला वाव कमी. या छावणीची आठवण कमी राहण्याचं हेही एक कारण असावं.

बराकी दगडी जोत्याच्या, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंतींच्या, वर कौलं. एकेका बराकीत ओळीनं कुटुंबं. प्रत्येकाला दोन खोल्या, चूल, पुढं ओटी. तट्ट्यातून शेजारचं बोलणं ऐकू यायचं, पावसाळ्यात हिवताप आणि साप यायचे. तरी या आराखड्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची होती. कुटुंबाला भत्ता रोख मिळायचा आणि स्वयंपाक ज्याचा त्यानं करायचा. सामुदायिक जेवणाची रांग इथं नव्हती. आई बाजारात जाऊन भाजीवाल्याशी घासाघीस करणार, काय शिजवायचं ते ठरवणार, आणि मूल आईला ठरवताना पाहणार. रशियात दोन वर्षं त्या मुलानं आपल्या आईला फक्त रांगेत उभी असलेली पाहिली होती.

आज मदत संस्था रोख मदतीचं हे तत्त्व मोठ्या उत्साहानं मांडतात. सीरियातून पळालेल्यांसाठी २०१२ मध्ये जॉर्डनमध्ये झातारीची छावणी उघडली. तिथं पुढं धान्याच्या गाठोड्याऐवजी खात्यावर रक्कम येऊ लागली आणि दुकानात डोळ्याचं बुबुळ दाखवलं की सौदा पुरा. वळिवड्याच्या बाजारात बुबुळं तपासत नव्हते. करवीर तालुक्यातले विक्रेते मोडकीतोडकी पोलिश शिकले आणि पोलिश बाया आकड्यांपुरती मराठी. व्यवहार तेवढ्यावर भागला.

छावणीत दवाखाना, चर्च, टपाल कचेरी, नाट्यगृह, दुकानं, सहकारी संस्था होत्या. क्षयाची किंवा अशक्त मुलं पाचगणीला हवापालटासाठी जायची. पुरुष बहुतेक अँडर्स यांच्या फौजेत होते, मे १९४४ मध्ये इटलीत माँटे कॅसिनोच्या डोंगरावर लढत होते. वळिवड्याच्या टपाल कचेरीत येणाऱ्या लखोट्यांचं त्यामुळं वेगळंच वजन असायचं. मुलांना बांधून ठेवलं ते शाळा आणि स्काउट या दोहोंनी. स्काउटचं काम सांभाळायला आलेला झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हा तरुण अधिकारी ज्या युद्धकैदी छावणीतून कातिनला माणसं गेली तिथून वाचलेला होता. पुढं तो धर्मगुरू झाला आणि कातिनला मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी आयुष्यभर झटला.

बालवाडीपासून प्राथमिक, माध्यमिक, शिक्षिकांचं प्रशिक्षण, धंदेशिक्षण, सगळं पोलिश भाषेत. पुस्तकं कमी होती. काही जेरुसलेमला छापून यायची, कारण पोलिश फौजेचा प्रकाशन विभाग तिथं होता. मुंबईहून ‘भारतातला पोल’ अशा अर्थाचं एक पोलिश नियतकालिक निघे. शिक्षक म्हणून ज्यांना थोडंबहुत येत होतं ते उभे राहिले. दोन-अडीच वर्षं शाळा बुडालेली दहा-बारा वर्षांची मुलं पहिली-दुसरीच्या बाकावर बसली. रशियात त्यांनी लाकडं फोडली होती, भावंडांना पुरलं होतं. इथं त्यांना वेळापत्रक मिळालं: घंटा, प्रार्थना, गणित, खेळ, नदीत पोहणं, परीक्षा. युद्धातून आलेल्या मुलासाठी काय करावं, यावर पुढच्या काळात मानसशास्त्रात ढीगभर लिहिलं गेलं. त्यातलं बरंचसं या घंटेपाशी येऊन थांबतं. उद्या सकाळी आठ वाजता काय होणार हे माहीत असणं हीच अशा मुलांना पहिली सुरक्षितता वाटते.

पण अभ्यासक्रम पोलिशच का? साधं उत्तर असं, की आईवडलांना तेच हवं होतं. युद्ध संपेल, घरी जायचं आहे, मुलांनी भाषा विसरता कामा नये. ब्रिटिशांनाही तेच सोयीचं होतं. ही पाहुणी माणसं आहेत, हिंदुस्थानात रुजायची नाहीत, हे अभ्यासक्रमातूनच ठरून जात होतं. म्हणून पाच वर्षं करवीरच्या मातीत वाढलेल्या मुलांना नद्या पाठ होत्या त्या विस्तुला आणि बुग.

आज हेच कोडं बांगलादेशात कॉक्स बझारच्या टेकड्यांवर उलट्या बाजूनं दिसतं. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या काही महिन्यांत इथं आले. त्यांत निम्म्याहून अधिक मुलं होती. बांगलादेश सरकारनं त्यांना बंगाली अभ्यासक्रम शिकवू दिला नाही, कारण बंगालीत शिकली तर इथलीच होतील. कित्येक वर्षं ‘शिक्षण केंद्रां’त खेळ, गाणी, अक्षरओळख एवढंच चालू राहिलं. २०२१ च्या अखेरीस म्यानमारचा अभ्यासक्रम लागू व्हायला सुरुवात झाली. म्हणजे ज्या देशानं त्यांना नागरिक मानलं नाही, त्याचीच पुस्तकं. तरी पालकांना ते हवं होतं. इयत्ता असलेलं, परीक्षा असलेलं शिक्षण तरी मिळालं. २०२५ मध्ये श्रीमंत देशांनी मदतीचा हात आखडता घेतला, तेव्हा पहिली कुऱ्हाड पडली ती याच केंद्रांवर. बालवर्ग आणि पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या हजारावर स्थानिक शिक्षकांना घरी बसावं लागलं. तांदूळ पूर्ण थांबवता येत नाही, शाळा थांबवता येते. मदतीच्या अंदाजपत्रकात शिक्षण नेहमी शेपटाशी असतं, ते यामुळं.

वळिवड्याची गोष्ट गोड करून सांगायची असेल तर १९४३ हे साल झाकावं लागेल. ज्या महिन्यांत पंचगंगेकाठी बराकींवर कौलं चढत होती, त्याच महिन्यांत बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती. सरकारी चौकशी आयोगानं मृतांचा आकडा १५ लाख धरला. नंतरचे अभ्यासक तो ३० लाखांपर्यंत नेतात. युद्ध तिथंही कारणीभूत होतं. ब्रह्मदेश पडल्यानं तिकडचा तांदूळ बंद, जपानी येतील म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या जप्त, भाव आभाळाला. कलकत्त्याच्या फुटपाथवर पेजेसाठी हात पसरणारी मुलंही युद्धानंच घराबाहेर काढलेली होती. सरकार एकच, व्हाइसरॉय एकच. एका गटाच्या मागं लंडनमध्ये बसलेलं मित्रराष्ट्राचं सरकार होतं, दुसऱ्याच्या मागं कुणी नव्हतं. यात वळिवड्याच्या मुलांचा काडीचाही दोष नाही, आणि त्यांना मिळालं ते मिळायलाच हवं होतं. पण परोपकाराचा इतिहास लिहिताना दोन्ही नोंदी एकाच पानावर याव्यात.

युद्ध संपलं तेव्हा खरी पंचाईत झाली. याल्टाच्या वाटाघाटींत या मुलांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली. ५ जुलै १९४५ ला ब्रिटननं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणीचा खर्च ज्या तिजोरीतून येत होता ती तिजोरीच नाहीशी झाली. पुढं संयुक्त राष्ट्रांची पुनर्वसन संस्था अन्रा आणि तिच्यानंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना यांनी भार उचलला. आता वॉर्सोचं साम्यवादी सरकार म्हणू लागलं, आमची मुलं परत द्या. छावणीतल्या धर्मगुरूंना आणि शिक्षकांना ती द्यायची नव्हती. बालाचडीच्या अनाथ मुलांसाठी जामसाहेब, छावणीचे प्रमुख फादर फ्रान्सिशेक प्लुटा आणि एक ब्रिटिश अधिकारी यांनी मिळून कायदेशीर पालकत्व घेतलं, असं या विषयाच्या अभ्यासक अनुराधा भट्टाचार्जी यांनी मांडलं आहे. पालक आहेत म्हटल्यावर मूल अनाथ राहत नाही, आणि अनाथ नसलेल्या मुलावर दूरचं सरकार हक्क सांगू शकत नाही. १९४६ मध्ये बालाचडी मिटली आणि उरलेली मुलं वळिवड्याला आली.

मूल कुणाचं, हा वाद युद्धानंतर हमखास उभा राहतो. कितीतरी ‘अनाथ’ मुलांचे वडील आघाडीवर जिवंत होते, कुणाची बहीण तेहरानला, कुणाचा भाऊ आफ्रिकेत टांगानिकाच्या छावणीत. रेडक्रॉसच्या याद्यांतून ही नाती पुन्हा जुळवली गेली. १९९४ मध्ये रवांडातल्या वंशसंहारानंतर एक लाखाच्या आसपास मुलं घरच्यांपासून तुटली. ज्यांना स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं, त्यांचे फोटो काढून फलकांवर डकवले गेले आणि आया त्या फलकांसमोरून फिरल्या. या अनुभवांतून एक नियम घट्ट झाला: ऐन संकटात दत्तक नाही, आधी शोध. तो मोडला की काय होतं, ते ऑक्टोबर २००७ मध्ये चाडमध्ये दिसलं. झोएज आर्क नावाची फ्रेंच संस्था शेजारच्या सुदानमधल्या डार्फूरचे अनाथ म्हणून १०३ मुलं विमानात बसवून फ्रान्सला न्यायच्या बेतात होती. तपासात निघालं, की त्यांतली बहुतेक मुलं ना डार्फूरची होती ना अनाथ. आणि मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं रशियाचे अध्यक्ष पुतिन आणि त्यांच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोव्हा-बेलोव्हा यांच्यावर वॉरंट काढलं ते युक्रेनची मुलं रशियात नेल्याबद्दल. १९४० च्या वाघिणींची आठवण असलेल्या पोलिश म्हाताऱ्यांना या बातमीत नवं काही वाटलं नसेल.

युनिसेफचा जन्मही याच राखेतला. ११ डिसेंबर १९४६ ला ती संस्था निघाली. कल्पना लावून धरणारे आणि तिचे पहिले अध्यक्ष लुडविक राइखमन हे पोलिश जंतुशास्त्रज्ञ होते. अन्राच्या शिलकीतून सुरुवात झाली. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा पहिला मसुदाही १९७८ मध्ये पोलंडनंच मांडला. तो मंजूर व्हायला २० नोव्हेंबर १९८९ उजाडलं. २०२३ च्या अखेरीस युद्ध आणि हिंसेमुळं घर सुटलेल्या मुलांचा आकडा युनिसेफनं ४ कोटी ७२ लाख सांगितला. एवढी मुलं एका देशात राहती, तर तो देश लोकसंख्येनं पोलंडहून मोठा झाला असता.

खुद्द पोलंडचं काय? फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा पोलिश माणसांनी लाखो आयाबाळांना स्वतःच्या घरात घेतलं. युक्रेनमधून पोलंडच्या सीमेवरून बाहेर पडलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना तिथूनच मायदेशी आणलं गेलं, आणि जामसाहेबांच्या ऋणाची आठवण दोन्ही देशांतल्या भाषणांत निघाली. पण त्याच्या काही महिने आधी, २०२१ च्या शरद ऋतूत, बेलारूसच्या सीमेवरच्या जंगलात इराकी, सीरियन, अफगाण कुटुंबं पोराबाळांसह थंडीत अडकली होती आणि पोलिश सीमारक्षक त्यांना मागं ढकलत होते. २०२२ च्या मध्यापर्यंत तिथं १८६ किलोमीटर लांबीची पोलादी भिंत उभी राहिली. जुनं दुःख आठवतंय म्हणून दार आपोआप उघडतंच असं नाही. दारात कोण उभं आहे, ते आत घेणारा पाहतोच.

वळिवडं १९४७-४८ मध्ये रिकामं झालं. सैनिकांची कुटुंबं ब्रिटनला गेली, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला, काही आफ्रिकेतल्या छावण्यांत, थोडी पोलंडला. एखाद-दुसऱ्या मुलीनं इथल्या तरुणाशी लग्न करून कोल्हापुरातच संसार थाटला. जगभर पांगलेल्या या मंडळींनी आपला संघ काढला, आठवणींचा आणि कागदपत्रांचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला, १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक उभारलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ऐंशी-नव्वदीतले काही जण पुन्हा वळिवड्याला आले, तिथंही स्तंभ उभा राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी वॉर्सोला गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी पुष्पचक्र वाहिलं.

बराकी मात्र ओस पडल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्यांत उतरवली गेली आणि छावणीचं गांधीनगर झालं. आज दक्षिण महाराष्ट्रातली माणसं लग्नाचा बस्ता बांधायला जिथं जातात, ती घाऊक कापडाची पेठ या वस्तीनं उभी केली. तट्ट्याच्या त्याच भिंती, तीच कौलं, पावसात तशीच गळणारी. आत आलेली मुलंही तशीच, रात्रीत गाव सुटलेली, भाषा वेगळी, शाळा मोडलेली. फक्त यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेचा पैसा नव्हता, कारण फाळणीत सीमा ओलांडलेल्यांना ती संघटना निर्वासित धरतच नव्हती. पुढं १९५१ चा जागतिक निर्वासित करार झाला, तोही युरोपातल्या उलथापालथी डोळ्यांपुढं ठेवून. भारतानं त्यावर आजवर सही केलेली नाही. तिबेटी, श्रीलंकेतले तमिळ, चकमा, रोहिंग्या, अफगाण, जे जे आले त्यांच्या मुलांना शाळेचा दाखला मिळणार की नाही, हे त्या त्या वेळच्या सरकारी आदेशावर ठरत आलं आहे.